अडतीस टन

सोनपेठ
२ डिसेंबर २०२४

रेणुका,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलंना. तो मागून घे, आधी हे वाच.

तू म्हणशील, मावशीनं फोन सोडून कागद कामून काढला. फोनवर माझा आवाज चढतो अन् तू 'नंतर बोलते' म्हणून ठिवून देतीस. कागद वाचावाच लागतो. सातवी शिकलेय मी, चुका काढत बसू नकू.

कॉलेजातून मला जूनमधी काढलं, ते मी गिळलं. एकोणीस वरसं त्या एमबीएच्या पोरापोरींना भाकरी घातली, मेसच्या मागच्या खोलीत राहिले, रविवारचं तेवढं घर बघितलं. अनंतराव सर म्हणले, सरजाबाई, आता वाफेवरचं यंत्र बसलं, चूल बंद, धूर बंद. म्हणलं, बरं. डायरेक्टर माणसापुढं आपुन काय बोलणार.

पर परवाच्या बाजारात कडूबाई कासारीण मला बघून म्हणती, "आली बगा अडतीस टन." मला वाटलं, माझ्या अंगावरून बोलायली. थोराड हायच मी. तर भाजीवाला बी तेच म्हणला, त्याच्या शेजारचा बी. मग कळलं. दुसऱ्या दिवशी यष्टीनं गंगाखेडला उतरले अन् कॉलेजच्या माळापस्तोर चालत जाऊन डोळ्यानं बघून आले.

फाटकावर यष्टीएवढा बोर्ड हाय. त्याच्यावर मी. उकिडवी बसलेली, गाल फुगलेले, तोंडात फुंकणी, पदर खांद्यावर घसरलेला, डोळे लाल. वर लिव्हलंय 'आधी'. खाली लिव्हलंय 'या एका चुलीचा दरवर्षी ३८ टन कार्बन'. शेजारी चकचकीत यंत्र अन् त्याच्यावर 'नंतर'. मेल्या माणसाचा फोटू लावत्येत तर त्याला हार तरी घालत्येत.

आता मी बाजारात जाईना. पिठाच्या गिरणीत जाईना. तुझ्या काकांना पारावर 'अडतीस टनाचे मालक' म्हणायलेत. ते हासून घेतेत, मला हासणं येत न्हाई. माझ्या आईनं मला सरजाबाई नाव ठिवलंय, तेवढंच नाव घेऊन मला मरायचंय.

तू तिथं हापिसात हायस. मीच सरांच्या हातापाया पडून तुला चिकटवलंय. तवा दोन गोष्टी सांग. माझा हा फोटू कुणी काढला? अन् हा आकडा कुणी लिव्हला? ज्यानं केलं त्याला मी सोडणार न्हाई. डांबराचा डबा आणून ठिवलाय घरात.

तुझी मावशी
सरजाबाई


गंगाखेड
८ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

नमस्कार. तू न दिलेला आशीर्वाद मी घेतलाय असं समज.

कॉलेज कागदमुक्त झाल्यापासून इथे कोरा कागद मागायची चोरी. म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितेय. मागच्या बाजूला कुणाचं तरी मार्केटिंगचं उत्तर आहे, ते वाचू नकोस, चूक आहे.

मावशी, डांबर फासू नकोस. फाटकावर कॅमेरा आहे, पोलिसांत प्रकरण जाईल आणि उलट तूच गुन्हेगार ठरशील. त्यांना तेच हवंय.

कार्बन म्हणजे काय ते सांगते. काहीही जाळलं की जो वायू निघतो तो. दिसत नाही, पण त्यानं हवा तापते. आता मोठमोठ्या कॉलेजांना तो मोजून दाखवावा लागतो आणि दरवर्षी कमी केल्याचंही दाखवावं लागतं. मग पुण्याहून समिती येते, तपासते आणि हरित कॉलेज म्हणून प्रमाणपत्र देते. त्यावर प्रवेश वाढतात. सरांचा त्यात जीव अडकलाय. या वर्षी कमी झालेलं दाखवण्यासारखं एकच काम झालं, ते म्हणजे चूल बंद. म्हणून तो बोर्ड.

फोटो कुणी काढला ते नक्की सांगता येत नाही. मेसमध्ये मोबाइल घेऊन कोण येत नव्हतं? आकडा वरच्या बैठकीत ठरला. समिती जानेवारीत येऊन गेली की बोर्ड उतरवतील असं ऐकलंय. तोवर बाजारातलं सामान काकांना आणू दे. लोक विसरतात गं.

तुझी
रेणुका


सोनपेठ
१४ डिसेंबर २०२४

रेणुका,

लोक इसरत्येत म्हणतीस. आमच्या गल्लीत एका बाईचं तीस वरसांमागं लग्नात लुगडं सुटलं, तिला अजून त्याच नावानं वळखत्येत. तुझ्या शहाणपणाचं लोणचं घाल.

मी काय म्हणते ते आयक. चुलीवर निस्ती भाकर व्हायची. वरण, भात, भाजी ग्यासवर. चुलीला वरसाला सहा ट्रॉल्या पऱ्हाटी लागायची, सातवी कवा लागली न्हाई. पऱ्हाटी फुगीर आसती, ट्रॉली कोंबून भरली तरी टनाच्या म्होरं जात न्हाई. सहा टन पऱ्हाटीतून अडतीस टन निघतंय व्हय? सहा किलो पिठाच्या अडतीस किलो भाकरी थापून दाखवा म्हणावं, मी जिंदगीभर त्यांच्या घरी पाणी भरीन. अन् कापूस वेचून झाल्यावर ती पऱ्हाटी शेतकरी बांधावर जाळतोच. मी जाळली तर निदान दोनशे लेकरांचं पोट भरलं.

हे सगळं मी एका कागदावर लिव्हलंय, तो ह्याच पाकिटात घातलाय. समितीच्या माणसाला पोचता कर. माझ्या नावानिशी कर, मी भेत न्हाई.

अन् फोटूचा पता मला लागला. मागच्या फाटकावरचा योगीराज शिपाई. तोच चहाच्या निमतानं सारखा चुलीपाशी येऊन बसायचा, अन् नवा मोबाइल घेतल्यापासून ज्याचे त्याचे फोटू काढायचा. त्याला मी दर सकाळी पयली भाकर दिली. दावते त्याला.

मावशी


गंगाखेड
२ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. समितीची तारीख ठरली, २२ जानेवारी. रोज कामात बुडालेली असते.

तुझा कागद योग्य ठिकाणी ठेवलाय, काळजी नको.

हिशेब तू बरोबर केलास, फक्त एक गोष्ट तुला कळायला हवी. जळताना हवेतलाही अंश मिसळतो, म्हणून सहा टन पऱ्हाटीचा वायू अकरा टनांपर्यंत जातो. तुझ्या चुलीचे अकरा. त्याहून एक किलोही जास्त नाही. बाकीचा आकडा मागच्या फाटकाच्या वहीवरून आला. त्या फाटकातून जे जे आत आलं ते सगळं स्वयंपाकघराचं धरलं गेलं. हे वाचून झालं की पान चुलीत घाल.

योगीराजला काही बोलू नकोस. तो तसा माणूस नाही.

आता दुसरं. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. समितीच्या प्रमुख प्रमोदिनीबाई म्हणून आहेत, त्यांनी कळवलंय की दुपारी साधं इथलंच जेवण हवं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. वाफेच्या यंत्रावर भाकरी होत नाही. तीन दिवस प्रयत्न केले, चिकट गोळे झाले. गावातल्या खानावळीतल्या भाकऱ्या गार होऊन चामट झाल्या. काल सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्या मावशींना विचारा. त्यांच्यासारखी भाकरी जिल्ह्यात नाही. जनरेटरच्या खोलीमागं चूल मांडून देऊ, कुणाला दिसणार नाही. जीप पाठवतो."

मी फक्त निरोप पोचवतेय. नाही म्हण. नाही म्हणालीस तर मला बरंच वाटेल.

तुझी
रेणुका


सोनपेठ
८ जानेवारी २०२५

चि. रेणुका,

आनेक आशीर्वाद. ह्या वक्ताला मनापासून.

सरांना सांग, सरजाबाई यायलीय. जीप नकू, माझी मी यष्टीनं येते. पीठ माझं, परात माझी, पऱ्हाटी बी माझीच आणते. जुन्या मालकाचं काम हाय, न्हाई कशी म्हणीन. राग कुठवर धरायचा.

त्या फाटकातून काय यायचं ते मला न्हाई तर कुणाला ठावं? पीठ, भाजी, पऱ्हाटी अन् जनरेटरच्या डिझेलचे पिंप. आख्ख्या कॉलेजला मागून आत यायला ते एकच फाटक, अन् तिथली वही मेसची. म्हणून पिंपवाला दर बारीला माझ्याकडंच यायचा. मावशी, तेवढी सही मारा. हाताचं पीठ झाडून मी मारायचे. एकोणीस वरसं मारली. पाव्हण्यांच्या बंगल्यातले एसी त्याच डिझेलवर चालायचे, अजून चालतेत. मंजी थंड हवेत झोपले पाव्हणे अन् काजळी माझ्या तोंडाला. 'धरलं गेलं' असं लिव्हतीस, पर कुणी धरलं ते लिव्हलं न्हाईस. ऱ्हाऊ दे. मोठ्या लोकांचं नाव घ्यायला तू भेत आसशील.

योगीराज मला सोमवारी गंगाखेडच्या स्ट्यांडावर घावला. शंभर माणसात मी त्याला सोलून काढला. खाल्ल्या भाकरीला जागला न्हाईस, तुझ्या हाताला किडे पडतील, म्हणलं. त्यानं मान खाली घातली. सोनपेठची गाडी लागली तवा माझ्यासाठी खिडकीतून खिशातली दस्ती टाकून जागा धरली अन् निघून गेला. बेशरम तरी किती आसावं माणसानं.

तुझी मावशी


गंगाखेड
१५ जानेवारी २०२५

मावशी,

तुझं पत्र आल्यापासून घास उतरत नाही. तू आशीर्वाद लिहिलास आणि मला रडूच आलं.

योगीराजनं फोटो काढलेला नाही. मी काढला. गेल्या वर्षीच्या भोगीला, तू तीळ लावून बाजरीच्या भाकरी करत होतीस तेव्हा. चूल विझत होती, तू फुंकत होतीस, मला तू फार सुंदर दिसलीस. खरंच सांगते. तो फोटो वर्षभर माझ्या मोबाइलवर पहिल्या पानावर होता. योगीराजला हे माहीत आहे. तुला तो स्टँडवर सांगू शकला असता.

आकडाही माझाच आहे. वरच्या बैठकीत काही ठरलं नव्हतं. सरांनी मला विचारलं, "कमी झालेलं काय दाखवता येईल? मोठं दिसायला हवं." तीन वर्षं मी कंत्राटावर आहे, मार्चमध्ये कायम करतो म्हणाले होते. मी फाटकाची वही उघडली. डिझेलच्या प्रत्येक पिंपापुढे तुझी सही होती. सत्तावीस टन डिझेलचे, अकरा तुझे. ते डिझेल कशाचं आहे हे मला माहीत होतं. मी ते तुझ्या चुलीत घातलं. मग सर म्हणाले, चुलीचा एखादा फोटो आहे का. मी दिला. त्याचा एवढा बोर्ड होईल असं वाटलं नव्हतं, पण विचारलंही नव्हतं.

तू समितीला लिहिलेला कागद माझ्या खणात आहे. मी तो कुणालाही दिला नाही.

मावशी, बावीसला ये, मागं बसून भाकरी कर आणि जा. तू समितीपुढे उभी राहिलीस तर सर माझ्याकडं बोट दाखवतील. त्या आकड्यांच्या तक्त्यावर सही माझी आहे. मला दुसरी नोकरी मिळणार नाही. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, आता तूच मोडू नकोस. समिती गेली की मी स्वतः बोर्ड उतरवून घेईन, शपथ घेते.

रेणुका


सोनपेठ
१९ जानेवारी २०२५

पत्र मिळालं. ज्वारी दळून आणली. बावीसला सकाळी येते.

सरजाबाई


गंगाखेड
२४ जानेवारी २०२५

मावशी,

तू न बोलता निघून गेलीस. मी स्टँडपर्यंत धावत आले तर तुझी गाडी गेली होती.

फाटकावर काय झालं ते मी वरच्या खिडकीतून अर्धंमुर्धंच पाहिलं. पण नंतर सभागृहात काय झालं ते तुला कळायला हवं. प्रमोदिनीबाई आल्या त्याच मुळी तुझ्या चुलीचा वास साडीला घेऊन. बसल्या आणि म्हणाल्या, "मागं जनरेटर आणि डिझेलचे पिंप पाहून आले. मागच्या फाटकाची वही आणा." सर म्हणाले, ती कागदमुक्त योजनेत नष्ट केली. तेवढ्यात योगीराज वही घेऊन दारात उभा. त्यानं ती घरी नेऊन ठेवली होती, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, सही असलेला कागद फाडायचा नसतो म्हणून.

बाईंनी एकेक पान उलटलं. "ही सरजाबाई म्हणजे खाली भाकरी करतायत त्याच का?" बाईंचं बोट तुझ्या सहीवर होतं. "आणि हे डिझेल त्या चुलीत ओतायच्या का?" एक जण हसला, बाई हसल्या नाहीत. सर म्हणाले, "क्लार्कची चूक आहे, आम्ही कारवाई करू." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उभी राहिले आणि जे खरं ते सांगितलं. कमी झालेलं मोठं दाखवा असं सर म्हणाले, आणि ते कुणाच्या माथ्यावर टाकायचं ते मी ठरवलं.

प्रमाणपत्र नाकारलं. सरांना संस्थेनं सक्तीच्या रजेवर पाठवलंय, परत येतील असं कुणाला वाटत नाही. माझं कंत्राट काल संपवलं. बोर्ड उतरवलाय, योगीराजनंच शिडी लावली. तुझा चेहरा दुमडू नये म्हणून त्यानं तो गुंडाळून ठेवलाय.

झालं ना आता तुझ्या मनासारखं? तुला हवं होतं ते सगळं मिळालं. माझंही गेलं, ते योग्यच झालं. आता एकदा मला माफ केलंस म्हणून लिही.

रेणुका


सोनपेठ
२९ जानेवारी २०२५

रेणुका,

फाटकावरचं तू अर्धं बघितलं म्हणतीस, तर पुरं आयक.

मी नऊच्या गाडीनं उतरले. जनरेटरच्या मागं चूल मांडली होती, तिकडं गेलेच न्हाई. तीन दगड उचलून फाटकात आणले अन् बोर्डाच्या बरोबर खाली मांडले. अंगावर तेच लुगडं नेसून आले होते, फोटूतलं. पऱ्हाटीत मुद्दाम ओला बाभूळ घातला, धूर दांडगा निघावा म्हणून. फाटकावर त्या दिवशी योगीराजच होता. मला वाटलं हाकलंल. त्यानं कळशीभर पाणी आणून ठिवलं अन् पाठ करून उभा ऱ्हायला.

गाडी आली. ती प्रमोदिनीबाई उतरली, वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. मी म्हणलं, "बसा बाई. पयली भाकर तुमाला." ती बसली की खाली, मांडी घालून. तेवढ्यात अनंतराव पळत आले, टाय उडायलाय, अन् सगळ्यांच्या देखत म्हणले, "मावशी, तुम्हाला मागं बसायला सांगितलं होतं ना?"

बाई म्हणली, "मागं? मागं काय आहे?"

मी एक शब्द बोलले न्हाई बघ. लोक उगंच म्हणत्येत मी त्यांना दावलं. त्यांच्याच तोंडानं त्यांनी दावलं. पर बाई लगेच उठली न्हाई. ओल्या बाभळीनं चूल विझायली होती. मी फुंकणी सरांच्या म्होरं धरली. ते बाईकडं बघायलेत, बाई म्हणली, "फुंका ना, भाकरी कच्ची राहील." बसले बिचारे उकिडवे. गाल फुगवले. धूर डोळ्यात गेला अन् ढळाढळा पाणी. तुमच्या एमबीएच्या पोरांनी मोबाइल काढले. तो फोटू आता पाथरीपस्तोर गेलाय. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्याच्या बाबतीत माझं मन भरलं. तो परका माणूस. त्यानं मला एकोणीस वरसं कामवाली म्हणूनच बघितलं, कामवालीच्या माथ्यावर त्यानं पिंप ओतू दिले त्यात नवल न्हाई.

तू परकी न्हाईस. बाजरीला तीळ लावताना मी तुला सुंदर दिसले अन् तू मला इकलंस. माझी सही तुझ्या ध्यानात आली, कारण पाटीवर अक्षरं गिरवायला तुला मीच शिकवलं. अन् योगीराज. त्याच्या घरी जाऊन त्याच्या पाया पडले मी, सत्तावन्न वरसांची बाई. त्याच्या बायकोनं मला उठवलं. ते बी तुझंच पाप हाय.

माफी मागतीस तर कागदावर मागू नकू. माझं नाव बाजारात गेलं, बाजारातच ते परत यायला पायजे. पुढच्या आठवडी बाजाराला ये. भर दुपारी, गर्दी आसती तवा. कडूबाईपासून सुरू कर. ज्यानं ज्यानं मला त्या आकड्यानं हाक मारली, त्याच्या पुढं उभी ऱ्हा अन् सांग, हा आकडा मी लिव्हला, माझ्या नोकरीसाठी, अन् हिच्या सह्या कशाच्या हायत ते मला ठावं होतं. एकाला बी सोडू नकू. मी तुझ्यासंगं येणार न्हाई.

सरजाबाई


गंगाखेड
१२ फेब्रुवारी २०२५

मावशी,

मी आले होते. तुला माहीत आहे, कारण तू कडूबाईच्या पालामागं उभी होतीस. तुझ्या लुगड्याचा काठ मला दिसला.

सगळ्यांना सांगितलं. कडूबाईला, भाजीवाल्याला, त्याच्या शेजारच्याला, गिरणीत, पारावर. दोन तास लागले. काही जण आधी समजलेच नाहीत, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. मध्येच वाटलं, आता तू पुढं येशील, मला हाताला धरशील, म्हणशील, बास झालं पोरी. तू आली नाहीस. मी एकटीच स्टँडवर गेले आणि कुणी माझ्या बाकावर बसेना.

मावशी, त्यांनी आता मला नाव ठेवलंय. 'मावशी विकली ती.' माझ्या तोंडावर म्हणतात. ते गंगाखेडला आलंय, खोलीच्या मालकिणीनं मला विचारलं. चारठाण्याचे लोक मला पाहायला येणार होते, तू मध्यस्थ होतीस त्याच स्थळाचे. त्यांनी सध्या राहू द्या असं कळवलं. दोन ठिकाणी नोकरीसाठी गेले, तिथंही एकानं हळूच विचारलं, तुम्हीच का त्या.

मी चूक केली, कबूल केली, जिथं सांगितलंस तिथं जाऊन कबूल केली. आता तू एकदा बाजारात एवढंच म्हण, की तिनं माझी माफी मागितली, विषय संपला. तुझं ऐकतात लोक. तू एक शब्द बोललीस तर थांबेल.

तुझीच
रेणुका


सोनपेठ
१८ फेब्रुवारी २०२५

रेणुका,

पत्र मिळालं. तू बरोबर बघितलंस, मी पालामागंच होते. तू पयल्यांदी बोललीस तवा तुझा आवाज निघंना, कडूबाईनं तुला पाणी दिलं. दुसऱ्यांदा निघाला. गिरणीत तू रडलीस ते बी मी बघितलं, रस्त्याच्या पलीकडून. तुझी आई डोळ्याम्होरं आली. दोन पावलं मी टाकली बी होती.

आता बाजारात जाते मी. परवा भाजीवाल्यानं मेथी निवडून दिली अन् म्हणला, सरजाबाई, ताजी हाय बगा. गिरणीत मला म्होरं घालत्येत. तुझ्या काकांना पारावर नावानं बोलवत्येत. माझं सगळं मला परत भेटलं.

तुला काय म्हणायलेत ते मला घरापस्तोर आयकू येतंय. काल कडूबाई माझ्याच ओट्यावर बसून म्हणली, अन् मग माझ्या तोंडाकडं बघायली, मी काय म्हणते म्हणून. आणखी तिघी बसल्या होत्या. त्या बी बघायल्या. तू लिव्हतीस ते खरं हाय, माझा एक शब्द पुरला आसता.

मी शेंगा फोडत बसले. न्हाई बोलले.

मावशी